ह्यांची डबी माझ्या गळ्यात

मी जन्माची लबाड. माहेरी दुधावरची साय मी खायची आणि मार मांजराला. सासरी आल्यावर सासूबाईंच्या मिसरीच्या डब्यात चुलीतली राख मिसळली, तर महिनाभर त्या "यंदाची मिसरी जरा मऊ हाय" म्हणत दात घासत राहिल्या. आजही नातवंडांबरोबर पत्ते खेळताना माझ्या मांडीखाली एखादं पान असतंच. त्यांना ते माहीत आहे. ती मला चोरू देतात आणि मी चोरते.

तेव्हा पुढं जी बाई येणार आहे, म्हणजे तेव्हाची मी, तिला कुणी गरीब बिचारी समजू नये. सेहेचाळीस वर्षांची होती, नाकात चमकी, तोंडात उत्तर तयार, आणि आपल्याएवढं शहाणं अख्ख्या कबनुरात कुणी नाही अशी पक्की खात्री. आज ती मला रस्त्यात भेटली तर मी पलीकडच्या बाजूनं जाईन.

हे कबनुरात यंत्रमागांवर जॉबर होते. माग बिघडला की तो चालू करून देणारा तो जॉबर. तीस वर्षं त्या खडखडाटात काढून ह्यांचे कान गेले होते. आमच्याकडं शेडमध्ये माणसं बोलत नाहीत, हातानं खुणा करतात, आणि बाहेर आली की ओरडतात. मी त्याच शेडमध्ये कांड्या भरायची. धोट्यात सुताची जी गुंडाळी बसते ती कांडी. तुटलेली दोन टोकं चिमटीत धरून गाठ मारायला मला डोळ्याची पापणी लवण्याएवढाही वेळ लागत नसे. ह्या बोटांचा मला फार गर्व होता. बोटं काय काय करतात ते सांगतेच.

मोबाइल नुकते हातात यायला लागले होते तेव्हाची गोष्ट. पावसाळा संपता संपता एका दुपारी हे मागाखाली वाकले ते उठलेच नाहीत. छातीत कळ. दिरानं जीप काढली आणि कोल्हापूरला एका मोठ्या दवाखान्यात आणून घातलं. चार दिवस काचेच्या खोलीत ठेवलं, मग तिसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डात आणलं. खाट नंबर चार.

त्या वॉर्डात एक नवीन प्रकार चालू होता. एरवी हृदयाचा पेशंट म्हणजे वायरींनी खाटेला बांधलेला. इथं मात्र पेशंटच्या गळ्यात काड्यापेटीएवढी एक डबी अडकवायचे. तिच्यातून तीन वायरी निघायच्या आणि छातीवरच्या तीन चिकटपट्ट्यांना चाप लावून बसायच्या. वायर पुढं कुठंच जात नव्हती. पेशंट वॉर्डात हिंडू दे, व्हरांड्यात जाऊ दे, त्याचे ठोके सिस्टरच्या टेबलावरच्या पडद्यावर उमटत राहायचे. भिंतीवर वीस-वीस पावलांवर तशाच दुसऱ्या डब्या ठोकल्या होत्या. गळ्यातली डबी भिंतीवरच्या डबीला सांगणार, ती पुढच्या डबीला, ती त्याच्या पुढच्या, असा हातोहात निरोप टेबलापर्यंत. एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या मास्तरांनी ते बनवलं होतं आणि डॉक्टरांच्या मदतीनं तपासून बघत होते. मास्तर रोज संध्याकाळी यायचे, बारीक अंगाचे, शर्टाच्या खिशात पेन्सिल, आणि पेशंटच्या आधी भिंतीची चौकशी करायचे.

ह्यांना ते एका दमात समजलं. मास्तरांना मोठ्यानं म्हणाले, "म्हंजे माझ्या मागासारखं की. धागा तुटला की माग आपसूक थांबतोय. हितं ठोका तुटला की ह्या बाई पळत येणार."

मास्तर खूष झाले. म्हणाले, "मामा, माझ्या विद्यार्थ्यांना एवढं चांगलं सांगता येत नाही."

झालं. त्या दिवसापासून हे वॉर्डाचे मास्तर झाले. कबनुराहून पाव्हणं बघायला आलं की आधी डबी दाखवायची, मग व्हरांड्यात चालून दाखवायचं, मग सगळ्यांना घेऊन टेबलापाशी जायचं. "त्यो चार नंबर बघा. त्यो मी." माणसं पडद्याला हात जोडायची आणि सिस्टर त्यांना हाकलायच्या. सिस्टर पंचवीस-सव्वीसच्या असतील. ह्यांना मामा म्हणायच्या, मला मावशी.

ह्यांच्या ठोक्यात एक खोट होती. नीट चालता चालता मधेच एक गळायचा. पडद्यावरच्या रेघेत तिथं मोकळी जागा दिसायची, दात पडल्यासारखी. डॉक्टरांनी मला टेबलापाशी नेऊन ती दाखवली. म्हणाले, "चालायचं, पण सपाटीवर. जिना अजिबात नाही. चालताना हे किती वेळा चुकतंय ते मला बघायचंय. तीन दिवसांत कमी झालं तर घरी सोडतो. वाढलं तर मला आधी कळलं पाहिजे, म्हणून ती डबी आहे." मी मान हलवली. मान हलवायला मला कधीच काही लागलं नाही.

दोन दिवस गेले आणि तिसऱ्या दिवशी खंडेनवमी आली.

आमच्याकडं त्या दिवशी माग बंद. शेड झाडायची, माग पुसायचे, झेंडूच्या माळा घालायच्या, आणि ज्याची जी हत्यारं असतील ती मांडून पूजा करायची. ह्यांचा पाना, हातोडी, पक्कड, दोन स्क्रू-ड्रायव्हर. लग्न झाल्यापासून ती पूजा ह्यांच्या हातची चुकलेली मी बघितली नव्हती. एरवी देवाला पाठ दाखवणारा माणूस, पण त्या दिवशी उपाशी राहून हत्यारांना गंध लावायचा.

सकाळी सिस्टरांनी टेबलावरच्या पडद्याला झेंडूचं फूल वाहिलं, कुंकवाचं बोट लावलं. भिंतीवरच्या डब्यांनाही एकेक फूल चिकटवलं. हे खाटेवर बसून बघत होते.

"ह्यांच्या मशिनीची पूजा झाली," हे म्हणाले. "माझा पाना तिकडं पारोसा पडलाय."

ते एवढंच म्हणाले आणि भिंतीकडं तोंड करून निजले. मला ते बघवेना. मी खाली जाऊन दिराला फोन लावला आणि हत्यारांचं गाठोडं, नारळ, फुलं, कापूर घेऊन यायला सांगितलं. अकराच्या सुमाराला दीर आला. मी सिस्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, "फूल वाहा मावशी, पण इथं विस्तव नको. ऑक्सिजन आहे. नारळपण फोडायचा नाही."

हे म्हणाले, "मग कसली पूजा."

दवाखान्याच्या मागं जनरेटरची खोली होती, तिच्याशेजारी मोकळी जागा. दीर म्हणाला, तिथं मांडू. पण तिथं जायचं म्हणजे तीन मजले उतरायचं, आणि व्हरांड्याच्या पलीकडं भिंतीवर डब्या नव्हत्या. पेशंट जिन्याच्या दाराबाहेर गेला की पडद्यावरची रेघ सपाट आणि टेबलावर कर्कश ओरडणं सुरू.

हे दिराला म्हणाले, "ऱ्हाऊ दे. तूच कर माझ्या नावानं." ते ऐकून मी तिथंच थांबायला हवं होतं. माणूस आपण होऊन माघार घेत होता. पण मला एक कल्पना सुचली होती, आणि मला एकदा कल्पना सुचली की ती वाया गेलेली खपत नसे.

मी खाटेभोवतीचा पडदा ओढला आणि म्हणाले, "डबी माझ्या गळ्यात घालती. तुमी जाऊन या."

"आन् ते कळत न्हाय व्हय त्यास्नी?"

"ठोक्यावर काय नाव लिव्हलंय? चार नंबरची डबी वाजल्याशी कारण."

हे अजून का कू करत होते. मी म्हणाले, "मागाखाली हात घालताना कधी भ्याला न्हाईसा. एवढ्याशा डबीला भ्यालासा व्हय?"

हे वाक्य मी स्वतः बोलले. इतकी वर्षं मी ते कुणाच्या तरी तोंडी घालून बघते, दिराच्या, ह्यांच्याच. कुणाच्या तोंडात ते बसत नाही, माझंच आहे.

सिस्टर रोज सकाळी पट्ट्या बदलायच्या ते मी बघून ठेवलं होतं. पांढरी वायर उजवीकडं वर, काळी डावीकडं वर, लाल डावीकडं खाली. ट्रॉलीवरून तीन कोऱ्या पट्ट्या मी आधीच पदराखाली सरकवल्या होत्या. चोळीची वरची बटणं काढून त्या माझ्या छातीवर दाबल्या. मग ह्यांच्या छातीवरचा एक चाप काढला की माझ्या पट्टीला लावला, दुसरा काढला की लावला, तिसरा. तुटलेला धागा जोडावा तसं. बाहेर टेबलावर एकदाच टिंग झालं. सिस्टरांनी बसल्या जागेवरून विचारलं, "मामा, वायर निघाली का?"

मी पडद्याआडून म्हणाले, "लावली, लावली."

ह्यांनी माझ्याकडं बघून हाताची खूण केली. शेडमधली खूण, तळहात पालथा घालून दोनदा खाली दाबायचा. माग व्यवस्थित चालू आहे, असा तिचा अर्थ. मग सदरा घालून, अंगावर टॉवेल टाकून, बघायला आलेल्या पाव्हण्यासारखे दिराबरोबर मागच्या जिन्यानं गेले. लिफ्टवाल्यानं ओळखलं असतं. उतरणं काय, उतरता येतं, असं मी मनात म्हणाले. चढून यायचं आहे हे माझ्या शहाण्या डोक्यात आलंच नाही. खरं तर आलं होतं. दीर बरोबर आहे, देईल हाताला धरून, असं म्हणून मी ते बाजूला सारलं.

मी चादर गळ्यापर्यंत ओढून खाटेवर बसले. शेजारच्या पाच नंबरवर मलकापूरकडचे एक म्हातारे होते. त्यांची बायको स्टुलावर लसूण सोलावा तशी मोसंबी सोलत बसली होती. तिनं पडद्याच्या फटीतून सगळं बघितलं.

"अगं बया," ती हळूच म्हणाली, "तू पेशंट झालीस व्हय गं?"

"गप ऱ्हा. नवऱ्याला दहा मिन्टं सुट्टी दिलीया."

"मलाबी शिकव की. माझ्या म्हाताऱ्याला बिडी वडायची हाय."

तेवढ्यात टेबलाकडून सिस्टरांचा आवाज आला. कौतुकाचा. "मावशी, मामांचं आज एकदम छान चाललंय हं. मघापासून एकपण ठोका चुकला नाही. डॉक्टरांना सांगते."

माझं हृदय छान चाललं होतं. मी मान लांब करून बघितलं. चार नंबरची रेघ, एकसारखी, कुठं दात पडलेला नाही. मला हसू फुटलं. मलकापूरच्या बाईनं माझ्याकडं बघितलं आणि तीही फुटली. आम्ही दोघींनी तोंडात पदर कोंबले. ती हसून हसून स्टुलावर वाकली, मोसंबीची फोड खाली पडली, ती बघून मी आणखी हसले. डोळ्यांतून पाणी आलं. इतकं मी लग्नानंतर हसले नव्हते.

किती वेळ गेला सांगता येत नाही. मागच्या दाराकडून झाडूवाल्या मावशी ओरडत आल्या, "जिन्यात पाव्हणं पडल्यात कुणाचं तरी."

इथं त्या सेहेचाळीस वर्षांच्या बाईनं काय केलं ते नीट लिहिते. ती धावली नाही. आधी तिनं डबी काढायला घेतली. गळ्यात डबी घालून बाहेर गेले तर सापडेन, हे तिच्या मनात पहिल्यांदा आलं. चाप ओढले तशी टेबलावर घंटा सुरू झाली. चार नंबर. आणि जिन्याकडं निघालेल्या सिस्टर अर्ध्यातून वळल्या आणि चार नंबरकडं धावत आल्या. त्यांनी पडदा बाजूला केला. खाटेवर मी, चोळी उघडी, हातात तीन वायरी.

सिस्टरांनी माझ्याकडं बघितलं. वळून जिन्याकडं पळाल्या.

दुसऱ्या मजल्याच्या पायऱ्यांवर होते ते. हत्यारं गोळा करायला दीर मागं थांबला होता. त्याला हे म्हणाले होते, "तू ये मागनं, मी चढतो सावकाश." कपाळावर ओलं कुंकू, बोटांना कापराचा वास. डॉक्टरांनी तिथंच पायऱ्यांवर छाती दाबली, मग वर आणून दाबली. अर्धा तास तरी दाबत होते. मग थांबले.

कबनुराहून माणसं दोन तासांत आली. जीप भरून, टेम्पो भरून. सगळ्यांनी टेबलावरचा तो पडदा बघितलेला, हात जोडलेले. दीर ओरडत होता, "मशिन काय झोपा काढत हुती का? ठोका चुकला की कळतंय म्हणून सांगितलंसा न्हवं?" दीर ती अदलाबदल होताना पडद्याबाहेर उभा होता. डबी ह्यांच्या सदऱ्याखाली आहे असंच तो धरून चालला होता; खाटेवर पडलेली डबी छाती दाबताना कुणीतरी काढली असेल, असं सगळ्यांना वाटलं. ती माझ्या गळ्यात गेली हे त्याला माहीत नव्हतं. डॉक्टर खाली आले. सगळ्यांसमोर त्यांनी सिस्टरांना विचारलं, "पडद्यावर काय दिसत होतं?"

सिस्टर म्हणाल्या, "नॉर्मल होतं, सर."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत."

त्या माझ्याकडं बघत होत्या. मी भावजयांच्या घोळक्यात, डोक्यावर पदर. सगळ्यांना ती रडणारी विधवा दिसत होती. रडत होतेच. पण पदराआडून एक डोळा सिस्टरांवर होता, त्या सांगतात की काय म्हणून.

त्या बोलल्या नाहीत. मीही बोलले नाही. डॉक्टर म्हणाले, "उद्यापासून डब्या बंद."

दहावं झालं, बारावं-तेरावं झालं. येणारा प्रत्येक जण म्हणायचा, मशिननं मारलं. मी गप्प. कुणी म्हणायचं, दवाखान्यावर केस टाका. मी गप्प. एका दुपारी मलकापूरच्या बाईचा फोन आला, दिराच्या मोबाइलवर. तिला काही कुणाला सांगायचं नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "म्हाताऱ्याला परत वायरीनं बांधलंय बाई खाटंला. लई त्रास करून घेतोय. हिंडत हुता त्ये बरं हुतं." फोन ठेवल्यावर मी पहिल्यांदा खरी रडले, आणि ते कुणी बघितलं नाही.

चौदाव्या दिवशी दिराला सांगितलं की दवाखान्यातले कागद आणायला जाते, आणि एकटीच एसटीनं कोल्हापूरला गेले. तिसऱ्या मजल्यावर भिंतीवर डब्या नव्हत्या, खिळ्यांची भोकं होती. टेबलावर दुसऱ्याच सिस्टर. पहिल्या सिस्टरांना खालच्या मजल्यावर बाळंतिणींच्या वॉर्डात टाकलं होतं. मी तिथं गेले. त्या बाळाला टोचत होत्या. टोचून झाल्यावर बाहेर आल्या.

मी म्हणाले, "सांगितलं का न्हाईसा?"

"तुमच्या घरची पन्नास माणसं खाली उभी होती, मावशी. त्या गर्दीत तुमचं नाव कसं घेऊ?"

"मग नंतर?"

"नंतर वाटलं, तुम्ही याल." मग म्हणाल्या, "आणि मी तरी काय मोठी. मामांचा ठोका मी चार दिवस बघत होते. अचानक एकही चुकेना, तर मी उठून बघायला पाहिजे होतं ना? मी टाळ्या पिटत बसले."

त्याच मला डॉक्टरांच्या खोलीत घेऊन गेल्या. डॉक्टरांनी फोन करून मास्तरांना बोलावून घेतलं. मास्तर आले ते आणखी वाळलेले. बगलेत कागदांची गुंडाळी. मी सगळं सांगितलं, पट्ट्या चोरल्यापासून. पाना, कापूर, भ्यालासा व्हय, सगळं.

मास्तर मटकन खुर्चीत बसले. "चौदा दिवस मी डबीतली चूक शोधतोय," ते म्हणाले. "उघडून बघितली, जोडून बघितली. स्वतःच्या गळ्यात घालून जिना चढून बघितला. चूक सापडेना, म्हणून झोप येईना."

मी म्हणाले, "चूक माझ्यात हुती. तिथं कशी सापडंल."

डॉक्टर तापले. बोलायचं ते बोलले, आणि सगळं खरं होतं. मी त्यांना विचारलं, "डबी ह्यांच्याच गळ्यात असती तर वाचलं असतं का?"

"जिन्याच्या दारातच घंटा वाजली असती," डॉक्टर म्हणाले. "आम्ही त्यांना जाऊच दिलं नसतं."

मास्तरांना रागवायला जमत नव्हतं. ते कागदाची गुंडाळी टेबलावर पसरत होते. त्या दिवशीचा, अकरा वाजल्यानंतरचा. वर कोपऱ्यात ह्यांचं नाव छापलेलं, आणि खाली माझं हृदय चाललेलं. ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "घरचंच माणूस डबी गळ्यात घालेल, हे आम्ही धरलंच नव्हतं. डबीला माणूस ओळखता आला पाहिजे." मग रेघेवरून बोट फिरवत एका जागी थांबले. तिथं रेघ एकदम दाट झाली होती, वर-खाली थरथरलेली. ठोके भराभर पडलेले.

"ही जागा मला कळली नाही," ते म्हणाले. "मला वाटलं, डबी इथं बिघडली. की मामांना इथं झटका आला. तुम्ही तेव्हा काय करत होता? उठला होता का? चालला होता?"

मी वाकून वेळ बघितली. दिरानं सांगितलं होतं, नारळ कधी फोडला, हे चढायला कधी निघाले. मी मनात हिशोब केला. हे तेव्हा जिन्यावर होते.

"हसत हुतो," मी म्हणाले. "मी आन् पाच नंबरची बाई. पदर तोंडात घालून."

मास्तरांनी मान वर केली नाही. खिशातली पेन्सिल काढली, त्या दाट रेघेभोवती एक गोल केला, आणि ह्यांच्या नावाखालच्या त्या कागदावर बारीक अक्षरात लिहिलं, 'पत्नी. हसत होत्या.' मग कागद माझ्याकडं फिरवून म्हणाले, "बरोबर आहे ना?"

मी वाचलं. सातवीपर्यंत शिकलेली, अक्षर जुळवत दोनदा वाचलं.

"बरोबर हाय," मी म्हणाले.